थॅडियस प्रुइटची अक्षरं

माउंट नीबो चर्चचं छप्पर गळायला लागलं म्हणून सुतार बोलावले होते. त्यांनी गाणाऱ्यांच्या बाकांमागची लाकडी भिंत उचकटली, तर आतून आधी भसकन धूळ आली, मग उंदरांनी कुरतडलेली एक चादर, आणि त्या चादरीत गुंडाळलेले एकतीस फलक. जाड पुठ्ठ्याचे, काठ्यांना ठोकलेले. साठ वर्षांपूर्वी हार्लन्स फेरी गावातली काळी माणसं हेच फलक हातात धरून चर्चपासून कोर्टापर्यंत चालत गेली होती, मत देण्याचा हक्क मागायला. त्यानंतर शेरिफची माणसं घरोघर झडत्या घेत फिरली. फलक कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. पुढे पुढे तर लोकांना वाटू लागलं की जाळूनच टाकले असतील.

थॅडियस प्रुइटला ही बातमी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळली. अर्ध्या गालाची दाढी झाली होती, अर्ध्या गालावर साबण होता.

"सगळेच्या सगळे सापडले म्हणतात, मिस्टर थॅड," न्हावी सांगत होता. "रंगसुद्धा उडालेला नाही. त्या संग्रहालयवाल्या डेल्फीन मेयोला तर रडू आवरेना. असं काही सापडावं आणि आपण जिवंत असावं, नाही का?"

न्हाव्याने वस्तरा उचलला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याची मान थरथरतेय.

"हलू नका. कापेल."

"मग आज अर्धीच राहू दे," म्हणत थॅडियस उठला आणि साबण टॉवेलने पुसत बाहेर पडला.

त्र्याऐंशी वर्षांचा होता तो. उभा जन्म त्याने पाट्या रंगवल्या होत्या. चर्चचे बोर्ड, दुकानांच्या काचा, मालमोटारींची दारं, मासे पकडायची गांडुळं विकणाऱ्या टपरीची पाटीसुद्धा. हार्लन्स फेरीत जे काही वाचण्यासारखं होतं त्यातलं निम्मं त्याच्या हातचं होतं. कशावरही त्याने कधी सही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डेल्फीन त्याच्या दारात हजर. चौतिशीची, शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. काळ्या मुलांची जुनी शाळा बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. त्या इमारतीत तिने स्वतःच्या हिमतीवर गावाच्या लढ्याचं छोटंसं संग्रहालय मांडलं होतं.

"मिस्टर थॅड, आहात का घरी?"

"घरात नसलो तर स्मशानात असेन. ये आत."

तिने बर्फ घातलेला गोड चहा घेतला, पण पेल्याला तोंडसुद्धा लावलं नाही. फोन काढला आणि एकेक फोटो दाखवू लागली.

"हा 'आर' बघा. त्याचा पाय बघा कसा लांब जातो, आणि टोकाला जरासा उचललाय. आता हा दुसरा. हा तिसरा. एकतीसच्या एकतीस एकाच हातचे आहेत. काळ्या अक्षराला तांबडी बारीक कड दिलीय, केसाएवढी, आणि कुठेही थरथर नाही. मोर्च्याच्या फलकाला इतकं कुणी करतं का? हा कुणीतरी कलाकार आहे, मिस्टर थॅड. आणि परवा मी तुमच्या हातची न्हाव्याच्या दुकानाची काच बघून आले."

"त्या काळी सगळेच असं काढायचे."

"नाही काढायचे. दहा वर्षं मी पोरांना अक्षरं शिकवतेय. ह्या गावात असा हात एकच आहे."

थॅडियसने आपला उजवा हात मांडीखाली सरकवला. "तो हात आता कापतो. आणि तेव्हाही माझा नव्हता. दुसऱ्या कुणाला तरी विचार."

डेल्फीनने फोन पर्समध्ये टाकला. मग उठली. "येत्या शनिवारी चर्चमध्ये कार्यक्रम आहे. मोर्च्यातले एकोणीस जण अजून आहेत, सगळे येणार आहेत. फलक मांडणार आहोत. खाली नाव घालायची माझी फार इच्छा होती. आता 'कलाकार अज्ञात' असंच लिहावं लागेल."

"तसंच लिही," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने तिचा न प्यायलेला चहा बाहेर ओतला. फलक त्याचेच होते. ते कबूल करायला त्याची काहीच हरकत नव्हती. पण डेल्फीनच्या संग्रहालयात, पहिल्याच खोलीत, काचेच्या पेटीत आणखी एक पाटी होती. जुन्या रेल्वे स्टेशनातून आणलेली. 'कलर्ड लोकांची वेटिंग रूम' असं तिच्यावर लिहिलं होतं, म्हणजे काळ्यांची वेगळी, आणि शेजारी बाण होता. संग्रहालय उघडलं त्या दिवशी थॅडियस ती पेटी बघून मागच्या पावली बाहेर आला होता आणि पुन्हा कधी आत गेला नव्हता. तिच्यातल्या 'आर'चा पायसुद्धा लांब होता आणि टोकाला जरासा उचललेला होता.

अठराव्या वर्षी तो क्रेन नावाच्या गोऱ्या माणसाच्या दुकानात कामाला लागला. क्रेनला धड सरळ रेघ मारता यायची नाही. चार महिन्यांत सगळं काम थॅडियसच करू लागला आणि नाव क्रेनचं होऊ लागलं. गावातली सगळी कामं त्या दुकानात यायची, आणि त्या काळी गावातली सगळी कामं म्हणजे हीसुद्धा: कोर्टाच्या आवारातल्या दोन नळांवरच्या दोन पाट्या, एक गोऱ्यांची, एक काळ्यांची. डॉक्टरच्या मागच्या दारावरची पाटी. सिनेमाच्या बाहेरच्या जिन्यावरची पाटी. अशा चाळीसेक तरी त्याने रंगवल्या असतील. नाही म्हणता आलं असतं का? घरी आई होती, दोन बहिणी होत्या. नाही म्हणता आलं असतं की नाही हे त्याला साठ वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

स्टेशनचं काम आलं तेव्हा क्रेन म्हणाला, "गोऱ्यांची पाटी नीट कर. दुसरी कशीही चालेल."

थॅडियसची आई ओझेला दर शुक्रवारी आगगाडीने पलीकडच्या गावी एका बंगल्यात धुणंभांडी करायला जायची. त्या दुसऱ्या दाराच्या आत ती तासतासभर बसायची. थॅडियसने गोऱ्यांची पाटी सकाळी दोन तासांत उरकली. दुसरी करायला त्याला दोन दिवस लागले. पाच-पाच इंचांची अक्षरं, मागे करड्या रंगाची सावली, बाणाच्या शेपटाला पिसासारखे फराटे. क्रेनने बघितलंसुद्धा नाही. आईने मात्र बघितलं. शुक्रवारी घरी आल्यावर पायातले जोडे काढता काढता म्हणाली, "स्टेशनात नवी पाटी लागलीय. ज्याने कुणी केलीय त्याचा हात सोन्याचा आहे बाई. आणि अशा हाताला काय लिहायला लावलंय बघ."

त्याने तिला कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हा शेवटचे तीन दिवस तो तिच्या उशाशी बसून होता. तेव्हाही नाही.

बुधवारी दुपारी अंगणात मोटारीचा भोंगा वाजला, तोही एकदा नाही, चार वेळा. हे कोण ते बघायला खिडकीपर्यंत जायची गरज नव्हती. मिस अर्लीन गॅडिस शहाऐंशी वर्षांची होती, तिच्या डोळ्यांची दोनदा शस्त्रक्रिया झालेली होती आणि अजूनही ती स्वतः गाडी चालवायची. ती रस्त्यावर आली की लोक आपापली पोरं आत घ्यायचे. एके काळी ती शाळेत शिकवायची. गावातला मोर्चा तिनेच उभा केला होता, आणि फलक रंगवून दे म्हणून थॅडियसकडे तीच आली होती. ते कुणी रंगवले हे जगात तिलाच ठाऊक होतं.

"अर्धी दाढी ठेवायची नवीन पद्धत आलीय का?" ती पायरीवर काठी टेकत म्हणाली. "सबंध गावभर फिरतोयस म्हणे असा."

"बसा, मिस अर्लीन."

"बसायला नाही आले. त्या पोरीला तू खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही सांगून टाकलंत का तिला?"

"मी कशाला सांगू? तोंड तुला आहे. साठ वर्षं मी गप्प बसले, कारण तुझी नोकरी गेली असती, मग तुझा जीव गेला असता. क्रेन मेला, शेरिफ मेला. आता कुणाला भितोस?"

मग एकदाचं ते त्याच्या तोंडून निघालं. स्टेशनची पाटी. नळांच्या पाट्या. सगळ्या. "ज्या हाताने ते लिहिलं, त्याच हाताला तुम्ही शनिवारी हार घालणार. मला नाही सोसायचं. लोकांना कळलं तर..."

"मला तर माहीतच होतं," मिस अर्लीन म्हणाली.

त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"अरे, तुझ्याकडे मी उगीच आले होते का? एकोणीसशे बासष्ट साली माझे वडील बर्मिंगहॅमला इस्पितळात वारले. त्यांना आणायला निघाले होते. गाडी तीन तास उशिरा. तीन तास त्या पाटीसमोर बसले होते मी, दुसरं बघायला होतं काय तिथे? बाहेर जाऊन गोऱ्यांची पाटी बघून आले. साधी, कोरडी. पुन्हा आत येऊन आपली बघितली. सावली, बाण, सगळं. म्हटलं, हे गोऱ्या माणसाचं काम नाही. एवढी माया त्यांनी आपल्यावर कधी केलीय? हे आपल्यातल्याच कुणीतरी केलंय, आणि करताना त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी माणूस होतं." तिने काठी आपटली. "मग मी चौकशी केली की क्रेनकडे कामाला कोण कोण आहे. मोर्चा ठरला तेव्हा माझ्या मनात दुसरं नावच आलं नाही."

"आईसाठी केली होती," थॅडियस म्हणाला.

"असेल. म्हणून ती पाटी चांगली ठरत नाही, थॅडियस. वाईटच होती ती. मी तुला माफ करायला आलेले नाही, तो माझा धंदाही नाही. मी एवढंच सांगायला आलेय की मला माहीत होतं आणि तरी मी तुझ्याच दारात आले. आता दाढी पुरी कर आणि त्या पोरीकडे जा."

तो गुरुवारी गेला. दाढी पुरी करून, इस्त्रीचा सदरा घालून. पहिल्या खोलीतून मान खाली घालून गेला. आतल्या मोठ्या वर्गात डेल्फीनने पांढऱ्या चादरी अंथरलेल्या टेबलांवर फलक मांडले होते. उंच खिडक्यांतून सकाळचं ऊन सरळ त्यांच्यावर पडत होतं.

थॅडियस दारातच थांबला.

रंग ओले असताना त्याने ते अर्लीनच्या गाडीत चढवले होते, त्यानंतर आजच बघत होता. 'मत हा आमचा हक्क.' 'आम्हीही कर भरतो.' 'ह्या दारातून आम्हीही जाणार.' त्याला वाटलं होतं, काही आठवेल, कुठे हात चुकला होता ते दिसेल. ते दिसलंच, एका फलकावर जागा पुरली नव्हती आणि शेवटचं अक्षर दाबून बसवलं होतं, त्याची त्याला अजूनही लाज वाटली. पण बाकीच्यांवर जे होतं ते त्याने काढलेलं नव्हतं. काठ्यांवर घामाचे काळे पट्टे पडले होते, बोटांच्या जागी. एका फलकावर बुटाचा पुरा ठसा होता, टाचेपासून चवड्यापर्यंत. एकाचा कोपरा फाडला होता आणि पुन्हा दोऱ्याने शिवला होता. रस्त्यात, चालता चालता, बहुधा कुणाच्या तरी पर्समधल्या सुईने. एकावर तपकिरी थेंब होते, अक्षरांवरून ओघळलेले. तो एकेका टेबलापाशी थांबत गेला. देवळात फिरावं तसा फिरत होता तो. हे आपण केलं असं त्याच्या मनातसुद्धा येईना. त्याने नुसती अक्षरं दिली होती. माणसांनी त्यांचं काय करून ठेवलं होतं हे!

"माझेच आहेत," तो शेवटी म्हणाला.

डेल्फीन हसली, दोन्ही हात तोंडावर धरून. "मला माहीत होतं! मला..."

"थांब. बाहेरच्या पेटीतली पाटीही माझीच आहे."

तिचे हात तोंडावरच राहिले. मग ती बाहेरच्या खोलीत गेली. काचेवर वाकलेली त्याला दिसली. बराच वेळ वाकलेली होती. परत आली तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"माझी आजी," ती म्हणाली, "स्टेशन बंद पडल्यावरसुद्धा त्या रस्त्याने जायची नाही. लांबून वळसा घालायची. मोर्च्यालाही गेली नाही, इतकी भ्यालेली होती. मरेपर्यंत भ्यालेलीच होती."

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू, पोरी? चाळीसेक पाट्या रंगवल्या मी."

ती मागच्या अंगणात निघून गेली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. थॅडियस एका लहान मुलाच्या बाकावर बसून राहिला, गुडघे पोटाशी. अर्ध्या तासाने ती आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "शनिवारी हे तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो."

"आणि नाव कुठे घालू? फलकांखाली की पाटीखाली?"

"दोन्हींखाली घाल," तो म्हणाला.

शनिवारी माउंट नीबो चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भर दुपार, जूनचं ऊन, पंखे गरगरत होते आणि तरी प्रत्येक बाईच्या हातात कागदी पंखा हलत होता. पुढच्या दोन बाकांवर मोर्च्यातले एकोणीस जण. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी प्राणवायूची नळी लावून, सगळे लग्नाला आल्यासारखे नटलेले. वेदीसमोरच्या टेबलांवर फलक. पाद्र्यांची प्रार्थना झाली, मुलींचं गाणं झालं. मग डेल्फीन म्हणाली, "आता ज्यांनी हे फलक रंगवले ते बोलतील," आणि थॅडियस प्रुइट उठला तेव्हा बाकांवरून एक लाटच फिरली. "थॅड?" "आपला पाटीवाला थॅड?" टाळ्या सुरू झाल्या. त्याने हात वर करून त्या थांबवल्या.

त्याने भाषण केलं नाही. जसं अर्लीनला सांगितलं तसंच सांगितलं. स्टेशन, डॉक्टर, सिनेमाचा जिना, नळ. एकही पाटी गाळली नाही. शेवटी म्हणाला, "मोर्च्याच्या दिवशी क्रेनने मला दुकानात डांबून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर डांबायची गरज नव्हती. मी तसाही गेलो नसतो. लांबून तुमचं गाणं ऐकलं, एवढंच."

कागदी पंखे थांबले होते.

पहिल्या बाकावरून रॉस्को टिन्स्ली उठला. पीचच्या बागा होत्या त्याच्या, एकोणऐंशीचा, अजून ताठ. थॅडियसबरोबर त्याचं उभं आयुष्य बुद्धिबळ खेळण्यात गेलं होतं.

"कोर्टातल्या नळावरची पाटीसुद्धा तुझीच?"

"माझीच, रॉस्को."

"अठरा वर्षांचा होतो मी. तहान लागली म्हणून गोऱ्यांच्या नळावर प्यायलो. शेरिफच्या डेप्युटीने माझे पुढचे दोन दात पाडले. पाटी वाचता येत नाही का, म्हणाला."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे! तीनदा माझ्या मालमोटारीवर नाव रंगवून दिलंस. तीनदा माझ्याकडून पीचच्या पेट्या घेतल्यास. तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"लाज," थॅडियस म्हणाला.

रॉस्को पुढे आला. वाटलं, आता हा हात उगारणार. पण तो टेबलांपाशी गेला आणि एकेक फलक बघू लागला. दोऱ्याने शिवलेल्या फलकापाशी थांबला. "हा माझा," तो म्हणाला. "हे मीच शिवलं. अर्ध्या वाटेत एकाने उसाच्या कांड्याने मारलं तेव्हा फाटला. माझं बोट मोडलं होतं, तरी मी हा खाली येऊ दिला नाही. दहा महिने आधी ह्याच अक्षरांनी माझे दात पाडले होते, आणि हीच अक्षरं मी डोक्यावर धरून चालत होतो." तो वळला. "आता ह्याचं मी काय करू, सांग ना मला. काय करू?"

"मला नाही माहीत," थॅडियस म्हणाला. "तेवढी अक्कल असती तर साठ वर्षं मी तुझ्याशी बुद्धिबळ हरलो नसतो."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. रॉस्को हसला नाही. त्याने फलक उचलला.

"मिस्टर टिन्स्ली!" डेल्फीन पांढरे हातमोजे चढवत धावली. "हात नका लावू, प्लीज, ते फार नाजूक आहेत."

"आम्हीही नाजूकच आहोत, बाळ," मिस अर्लीन म्हणाली आणि काठीवर जोर देत उठली. ती टेबलांपाशी गेली, सरळ हात घातला आणि बुटाचा ठसा असलेला फलक बाहेर काढला. कुठे आहे हे तिला बघावंही लागलं नाही. मग तिसरा उठला. मग चाकाची खुर्ची पुढे आली. एकेक जण टेबलापाशी यायचा, वाकायचा, शोधायचा आणि एकाएकी थांबायचा. "अगं, हा माझा. हा डाग माझ्याच रक्ताचा." "हा माझ्या नवऱ्याने धरला होता, मी शेजारी होते." कुणीही सांगितलं नाही, कुणीही ठरवलं नाही, पण ते दोघा-दोघांच्या रांगेत उभे राहिले. साठ वर्षांपूर्वी ज्याच्या शेजारी जो होता तो त्याच्या शेजारी. आणि ज्याचा जोडीदार गेला होता त्याच्या बाजूची जागा त्यांनी मोकळीच ठेवली. मग रॉस्को दाराकडे चालू लागला आणि सगळे त्याच्यामागे.

थॅडियस लोकांच्या लोंढ्याबरोबर बाहेर आला आणि वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभा राहिला.

चर्चपासून कोर्टापर्यंतचा रस्ता सरळ आहे, जरासा उताराचा. भर उन्हात ती एकोणीस माणसं चालली होती, अगदी सावकाश, म्हाताऱ्यांच्या चालीने, आणि त्यांच्या डोक्यांवर त्याची अक्षरं चालली होती. कुणीतरी जुनं भजन सुरू केलं होतं. रंगवताना त्याने हिशेब केला होता: अक्षराची जाडी एवढी, मधली जागा एवढी, तांबडी कड एवढ्यासाठी की हात हलत असताना, चालताना, रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा वाचता यावं. त्या हिशेबाचं पुढे काय झालं ते त्याला कधी कळलंच नव्हतं. आता त्याने डोळे बारीक करून बघितलं. वाचता येत होतं. लोहाराच्या जुन्या दुकानापाशी पोचले, तरी वाचता येत होतं. बँकेपाशी पोचले, माणसं अंगठ्याएवढी झाली, तरी 'मत हा आमचा हक्क' लखलखीत वाचता येत होतं. बाजूच्या दुकानांतून लोक बाहेर येत होते, काळे आणि गोरेही, आणि टोप्या काढून उभे राहत होते. थॅडियस पायरीवर बसला. आपलं तोंड उघडं राहिलंय हे त्याला कळत होतं, पण मिटावंसं वाटेना.

डेल्फीन त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातांत आता हातमोजे नव्हते. टेबलांवर बारा फलक उरले होते, ज्यांचे धनी आता नव्हते. त्यांतला एक तिने आणला होता, 'ह्या दारातून आम्हीही जाणार' लिहिलेला.

"हा आजीसाठी नेते," ती म्हणाली आणि पळतच रांगेच्या शेवटी जाऊन मिळाली. मग उरलेलेही निघाले, मुलांच्या, नातवंडांच्या हातांत. पायरीवर एकटा थॅडियस राहिला. ती सगळी कोर्टाच्या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत तो बघत होता.

जेवणं झाली, मक्याचा पाव आणि तळलेली कोंबडी खाऊन गाव पांगलं, तेव्हा थॅडियस घराकडे निघाला. मागून मालमोटारीचा आवाज आला आणि शेजारी येऊन थांबला.

"बस," रॉस्को म्हणाला.

"चालत जाईन."

"चालत जाणार म्हणे. पडलास तर मलाच उचलावं लागेल. बस गप."

थॅडियसच्या फाटकापाशी गाडी थांबली, पण रॉस्कोने दाराचा खटका उघडला नाही.

"मी अजून ठरवलेलं नाही," तो समोर बघत म्हणाला.

"काय?"

"तुझ्याबद्दल."

"ठरव सावकाश."

"सावकाश! वेळ कुठाय आपल्याकडे?" रॉस्कोने स्टिअरिंगच्या चाकावर बोटं वाजवली. त्यांतलं एक वाकडंच होतं. मग जरा अवघडूनच त्याने विचारलं, "थॅड, कसं दिसत होतं रे?"

"म्हणजे?"

"आम्ही कसे दिसत होतो? तेव्हाही मी आत होतो, आजही आतच होतो. पुढच्याची पाठ तेवढी दिसायची. बाहेरून कसं दिसतं ते मला कधी कळलंच नाही."

थॅडियसने त्याच्याकडे बघितलं. रॉस्कोने गाडीचं इंजिन बंद केलं.

"सगळ्यांत पुढे तू होतास," थॅडियस म्हणाला. "आणि तुझा फलक जराही हलत नव्हता. मागे अर्लीन. ती तर काय, काठी आपटत अशी चालली होती की वाटेतल्या मोटारींनीच बाजूला व्हावं. आणि बँकेपाशी तुम्ही पोचलात ना, तेव्हा ऊन एकदम सगळ्या फलकांवर आलं. सगळ्यांवर एकदम, रॉस्को..."